पंधरा अंश

पहाटे ५.३०

चहाचं आधण ठेवण्याआधी गच्चीवर जाऊन आभाळ पाहून येते. आज २३ सप्टेंबर, दिवस आणि रात्र जवळपास सारखी असण्याचा दिवस. दुपारी सव्वाबाराला मला ऊन हवंय, निदान दहा मिनिटं. पश्चिमेला ढग आहेत, पण पातळ आहेत. सप्टेंबरच्या आभाळावर इथला शेतकरीही विसंबत नाही; आम्ही मात्र त्याच्या भरवशावर प्रयोग ठेवलाय.

मी रिसोडला राहते आणि तालुक्यातल्या एका खेड्यात, अनुदानित माध्यमिक शाळेत गणित-विज्ञान शिकवते. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ला अकोल्यातून वेगळा निघाला. २०१८मध्ये नीती आयोगाने आकांक्षित जिल्ह्यांची यादी काढली, तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद यांच्या पंगतीला वाशिमही बसला. तेव्हापासून पाहुणे वाढले. येतात, हार घेतात, मुलींना विज्ञानाची गोडी कशी लावावी यावर बोलतात आणि जातात. गोडी मुलींना असतेच. त्यांच्याजवळ नसतात ते तास. माझा बराचसा दिवस ते तास कुठून तरी काढण्यात जातो.

सकाळी ८.४५

स्कुटीवरून जाताना दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडलेलं दिसतं. लवकर येणाऱ्या वाणांची सोंगणी सुरू झालीय. इथे सोंगणी गुत्त्याने होते: एकराचा भाव ठरतो, पाच-सात बायका मिळून शेत घेतात आणि जितक्या लवकर उरकेल तितक्या लवकर पुढचं शेत धरतात. हाती रोख पैसा येण्याचे हे दिवस, त्यामुळे सकाळी सहाला बाया घराबाहेर पडतात. मग घरातलं धाकटं पोर, भाकरी, पाणी आणि शेळी कोणाकडे? माझा हजेरीपट त्याचं उत्तर देतो. सोयाबीनच्या सोंगणीत आणि पुढे कापूस वेचणीत गैरहजेरी मुलींच्याच रकान्यात वाढते. त्याच घरातला मुलगा शाळेत आलेला असतो.

गावाच्या तोंडाशी एक बाई विळा घेऊन निघालेल्या भेटतात. नववीतल्या एका मुलीची आई.

"मॅडम, आज नाही येत ते. लहान्याले कोन पाह्यीन?"

"वहिनी, आज तिच्याकडून मला ओळंबा हवाय. तुमच्या घरचा. सावली मोजायचीय."

"ओळंबा?" त्या हसतात. नवरा गवंडी आहे. "मंग काय करू?"

"लहान्यालाही घेऊन पाठवा. बसेल आमच्यात."

मुख्याध्यापकांना हे आवडणार नाही, ठाऊक आहे. पण नियम पाळून मुलगी घरी राहण्यापेक्षा नियम थोडा वाकवून ती वर्गात आलेली बरी, हे आमच्यात आता बोलून झालंय.

सकाळी ९.४५

प्रयोगशाळेचं कुलूप काढते. चांगल्या शाळांतही प्रयोगशाळेचं कपाट बंद असण्याचं कारण पैसा नसतं. काच फुटली तर साठा नोंदवहीत लिहावं लागतं, आणि त्या नोंदीची भीती मोठी असते. म्हणून वस्तू सुरक्षित राहतात, मुलं कोरडी राहतात. मी वर्षाच्या सुरुवातीला मुख्याध्यापकांकडून लेखी घेते की दरवर्षी काही परीक्षानळ्या फुटणारच आहेत.

दुसरी गोष्ट पाहायला मला फार वर्षं लागली. मुलामुलींचे मिश्र गट केले की मुलगा उपकरण हातात घेतो आणि मुलगी निरीक्षणं लिहिते, कारण तिचं अक्षर चांगलं. कोणी सांगत नाही, आपोआप होतं. वर्षाअखेर तिच्या जर्नलला पूर्ण गुण आणि तारेचं टोक सोलायचं कसं हे तिला ठाऊक नाही. आता माझ्या वर्गात भिंतीवर एकच सूचना आहे: वही त्याच्याकडे, पक्कड तिच्याकडे, दर पंधरा मिनिटांनी अदलाबदल. पहिले दोन आठवडे मुलांनी कुरकुर केली. मग त्यांचं अक्षर सुधारलं.

सकाळी १०.१५

निळी बस फाटकाशी येते. मानव विकास कार्यक्रमातली ही बस. २०११पासून राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत हा कार्यक्रम वाढवला गेला, आणि त्यात खेड्यातल्या मुलींना गावापासून शाळेपर्यंत मोफत नेण्यासाठी तालुक्याला सुरुवातीला पाच-पाच बस दिल्या. ज्यांचं गाव जवळ, त्यांना सायकल. मुलींच्या शिक्षणावर राज्यात पुष्कळ योजना आल्या. आठवीनंतर शाळा सोडणारी पोर दहावीपर्यंत कशाने टिकली असं मला विचारलं तर मी आधी या बसचं नाव घेईन. बापाला पोरीच्या हुशारीबद्दल शंका नसते. शंका असते ती तीन किलोमीटरच्या मोकळ्या रस्त्याबद्दल.

बस सव्वादहाला येते आणि सव्वापाचला निघते. हे दोन आकडे माझ्या वेळापत्रकाच्या दोन भिंती आहेत. शाळा सुटल्यावर प्रयोग, जादा तास, प्रश्नमंजूषेची तयारी, असलं काहीही ठेवलं की त्यात फक्त गावातली मुलं उरतात. पूर्वी विज्ञान मंडळ शाळेनंतर भरायचं आणि त्यात मुली नाहीत म्हणून सगळे हळहळायचे. आम्ही मंडळ दुपारच्या जोडतासाला आणलं. त्यासाठी कार्यानुभवाच्या सरांशी तासांची देवाणघेवाण करावी लागली, दुसरं काही नाही.

सकाळी १०.३०

परिपाठ. राष्ट्रगीत, प्रार्थना, दिनविशेष, मग पाच मिनिटं माझी. भिंतीवर कल्पना चावला आहे, असू दे. पण पोरींना ती फार उंचावर वाटते. मी जमिनीवरच्या गोष्टी सांगते.

आज कमला सोहोनी. तेव्हाच्या कमला भागवत. १९३३मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने पास होऊन त्यांनी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सकडे अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन, नोबेल मिळालेले. त्यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई बंगळूरला जाऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि हटल्या नाहीत. शेवटी एक वर्ष परीक्षेवर घेतलं. त्या वर्षाचं काम पाहून रामन यांचं मत फिरलं आणि संस्थेचं दार मुलींना उघडलं. १९३९मध्ये त्या केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या, विज्ञानात ती पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री.

गेल्या आठवड्यात रोहिणी गोडबोले सांगितल्या होत्या. पुण्याच्या. मुलींच्या शाळेत सातवीपर्यंत त्यांना विज्ञानाऐवजी गृहविज्ञान होतं. शिष्यवृत्ती परीक्षेला विज्ञान लागतं म्हणून ते वेगळं शिकून घेतलं, आणि तिथून गाडी कणभौतिकीपर्यंत गेली. २०२४च्या ऑक्टोबरात त्या गेल्या. भारतीय स्त्री-वैज्ञानिकांच्या लेखांचं 'लीलावतीज डॉटर्स' हे पुस्तक २००८मध्ये आलं, त्याच्या त्या एक संपादक.

"मॅडम, लीलावती कोन?" आठवीतून प्रश्न येतो.

"दुपारी सांगते. सावलीपाशी."

सकाळी ११.००

दहावी, गणित. सांख्यिकीतला वृत्तालेख. पुस्तकातलं उदाहरण सोडवून झालं. गृहपाठ आधीच दिलेला होता: स्वतःच्या कालच्या दिवसाचा वृत्तालेख काढा. चोवीस तास म्हणजे ३६० अंश, एक तास म्हणजे १५ अंश. झोप, शाळा, प्रवास, जेवण, अभ्यास, घरकाम, खेळ, मोबाइल, जे खरं असेल ते. वह्या गोळा करते. रात्री बघू.

दुपारी १२.००

मैदानावर एक मीटरची सरळ काठी रोवली आहे. ओळंबा आला, ओळंब्यासोबत लहानाही आला आणि त्याने पहिल्यांदा सावलीवरच बसकण मारली. काठी उभी आहे की नाही हे ओळंब्याने ठरतं. गवंड्याची मुलगी दोरी धरून एक डोळा मिटते आणि म्हणते, "मॅडम, पूर्वेकडं कलली हाय." बाकीच्या तिचं ऐकतात. एरवी ती वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसते.

सूर्य बाराला डोक्यावर येतो असं सगळ्यांना वाटतं. घड्याळात बारा वाजून गेले तरी सावली आखूडच होत चाललीय. का? भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची. रिसोड त्याच्या पश्चिमेला साधारण ५.७ अंशांवर. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. मुली हिशेब करतात: सुमारे तेवीस मिनिटं. म्हणजे १२.२३? त्यातून पृथ्वीच्या कक्षेमुळे या दिवसांत सूर्य सात-साडेसात मिनिटं पुढे असतो, ती वजा. सव्वाबारा.

सव्वाबाराच्या आगेमागे दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खिळा ठोकायचा. भांडण इथेच सुरू होतं. टोक नेमकं कुठं? गडद सावली संपते तिथं की फिकट संपते तिथं? दोघींच्या खुणांत जवळजवळ एक सेंटीमीटरचा फरक. दोघीही आपलंच बरोबर म्हणून हटून बसल्यात. मला हेच हवं होतं. सूर्य ठिपका नाही, तो आकाशात सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणून मीटरभर काठीच्या सावलीला तेवढी फिकट कड येणारच. मग मधला बिंदू धरायचा, आणि तो का धरला हे लिहून ठेवायचं. पुस्तकात छापलेलं उत्तर ताडून पाहण्यात ही मजा नाही.

ढग येतो. सगळ्या वर बघतात. लहाना टाळ्या वाजवतो. ढग जातो.

सर्वांत आखूड सावली ३६ ते ३७ सेंटीमीटरच्या मध्ये येते. दहावीच्या त्रिकोणमितीतली टॅन्जंटची किंमत: ०.३६५ म्हणजे कोन वीस अंशांच्या आसपास. आज सूर्य विषुववृत्तावर आहे, म्हणून हाच आपल्या गावाचा अक्षांश. नकाशा उघडतो. रिसोडचा अक्षांश २० अंशांना खेटून. एक काठी, एक दोरी आणि गवंड्याचा ओळंबा यांवर आपण पृथ्वीवर कुठे उभे आहोत ते कळलं.

आता लीलावती. चाळीसगावजवळच्या पाटण भागाशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते भास्कराचार्य १११४मध्ये जन्मले आणि ११५०च्या सुमारास त्यांनी सिद्धांतशिरोमणी लिहिला. त्यातला अंकगणिताचा भाग म्हणजे लीलावती. तिच्यात सावलीची गणितं आहेत, बारा अंगुळांच्या शंकूची. आणि त्यातले कितीतरी प्रश्न एका मुलीला विचारलेले आहेत. परंपरा म्हणते ती त्यांची लेक. ती खरोखर कोण होती यावर पंडितांनी वाद घालावा. पोरींना पुरेसं आहे ते हे की पावणेनऊशे वर्षांपूर्वी आपल्याकडे कोणी गणित लिहायला बसलं तेव्हा समोर मुलगी आहे असं समजून लिहिलं.

दुपारी १.३०

मधली सुट्टी. आठवीपर्यंतच्यांना खिचडी, बाकीच्यांचे डबे. मुली पाणी कमी पितात. मुद्दाम. स्वच्छतागृहाचं दार नीट लागत नसेल तर पोरगी दिवसभर तहान मारते आणि शेवटच्या तासाला तिचं डोकं दुखतं. त्या तासाला गणित असेल तर गणित अवघड आहे असं ठरतं. कडी बसवायला सुतार येऊन गेला, हे आज मला कमला सोहोनींइतकंच महत्त्वाचं वाटतं.

डबा खाताना लोणारच्या सहलीची संमतीपत्रं मोजते. मुलांची सगळी आली, मुलींची निम्मी. लोणार शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात, रिसोडहून दिवसभरात जाऊन येण्यासारखं. बेसाल्टच्या खडकात उल्का आदळून झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. जून २०२०मध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासून कारण काढलं, खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव. जगभरातून लोक बघायला येतात आणि आमच्या निम्म्या पोरी जाणार नाहीत. उरलेल्या पालकांना फोन करायचे. दोनच वाक्यं कामाची असतात: "मी स्वतः सोबत आहे" आणि "दिवे लागायच्या आत परत." विवर किती जुनं आहे ते कोणी विचारत नाही.

दुपारी २.०५

जोडतास, दहावी, विद्युतधारेचे परिणाम. टेबलावर एक जळालेली मोटार आहे, तीन एचपीची, शेतातल्या विहिरीवरची. रिसोडच्या रिवाइंडिंगवाल्याने भंगारात देण्याआधी आम्हाला दिली. वास अजून येतो.

मुलं उठून पुढे येतात, मुली मागे. मी भिंतीवरच्या सूचनेकडे बोट दाखवते. पक्कड आणि पाने मुलींकडे जातात.

इथल्या प्रत्येक घरात मोटार हा रोजचा विषय आहे. रात्री लाइन येते, स्टार्टर टाकायला कोणीतरी शेतात जातं, डीपी जळतो, वर्गणी काढावी लागते. मुली हे सगळं ऐकत वाढतात, पण स्टार्टरला हात लावायचं काम भावाचं. तरी एकजण सांगते, "दोनच फेज आल्या का मोटार नुसती घुमते मॅडम, फिरत नाही. बाबा धावत जाऊन बंद करतात."

"का करतात बंद?"

"जळते म्हनून."

"का जळते?"

आता कोणी बोलत नाही. मोटार उघडतो. आतला तांब्याच्या तारांचा वेढा, एका बाजूचा काळाठिक्कर. तीन फेजचा प्रवाह एकामागून एक चढत-उतरत येतो, म्हणून आतलं चुंबकीय क्षेत्र गोल फिरतं आणि मधला रोटर त्याच्यामागे ओढला जातो. एक फेज गेली की क्षेत्र फिरायचं थांबतं, जागच्या जागी मागेपुढे होतं. थांबलेला रोटर सुरू होत नाही, वेढ्यांतून प्रवाह मात्र भरमसाट जातो आणि तारेवरचं वार्निश जळतं. तोच काळा भाग, तोच वास. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले हे होण्याआधी तोडण्यासाठी असतो. कितीतरी शेतांत तो सारखा तोडतो म्हणून वैतागून बांधून टाकलेला असतो.

"आमचाही बांधलाय," ती म्हणते. हातातला पाना खाली ठेवत नाही. "आज सांगते बाबाले."

देशभरातल्या उच्च शिक्षणाच्या २०२१-२२च्या सर्वेक्षणात विज्ञान शाखेत ५७.२ लाख विद्यार्थी होते, त्यांतल्या २९.८ लाख मुली. म्हणजे विज्ञानात मुली मागे नाहीत, थोड्या पुढेच आहेत. अभियांत्रिकीच्या पदवीला मात्र त्या तीस टक्क्यांच्या आसपास अडतात. बी.एस्सी.चं कॉलेज तालुक्याला असतं, त्यात संध्याकाळी घरी येता येतं. अभियांत्रिकीला लांब जावं लागतं, पैसे लागतात आणि यंत्राला हात लावावा लागतो. पहिल्या दोन गोष्टी माझ्या हातात थोड्याच आहेत. तिसरीसाठी एक जळालेली मोटार पुरते.

दुपारी ३.४५

ऑफिसात संगणकापुढे. इन्स्पायर अवॉर्ड मानकसाठी मुलांच्या कल्पना भरायच्या आहेत. सहावी ते बारावीतल्या निवडलेल्या कल्पनेला नमुना बनवण्यासाठी दहा हजार रुपये मिळतात. पेटीत आलेल्या चिठ्ठ्या वाचते. मुलांच्या बऱ्याच चिठ्ठ्या मोबाइलवर पाहिलेल्या: सौरकार, भूकंपाचा भोंगा, अंधांची काठी. मुलींच्या कामातून आलेल्या: मळणीयंत्राचा भुसा डोळ्यांत जाऊ नये म्हणून त्याच्या तोंडाला लावायचं धुराडं, सोंगताना विळा पायाला लागू नये म्हणून नडगीला बांधायची पट्टी. अक्षर नेटकं, आकृती लहानशी, आणि शेवटी "चूक असल्यास माफी असावी." तेवढं वाक्य खोडून बाकी जसंच्या तसं भरते.

संध्याकाळी ५.१५

बस निघते. मोटारवाली खिडकीतून ओरडून विचारते, उद्या पुन्हा जोडायची का? जोडायची म्हटलं.

संध्याकाळी ६.००

दहावीतल्या एका मुलीच्या घरी. ओट्यावर खाट, आत चुलीचा धूर. गणितात ती शाळेत पहिली. मोठा भाऊ अकोल्याला, नीटच्या क्लासला. या भागात हा सर्रास हिशेब आहे: पोरगा अकोल्याला किंवा लातूरला, पोरगी इथल्याच कॉलेजात.

"बसा मॅडम. हाव, हुशार हाय थे, मले मालूम हाय," वडील म्हणतात. "पन एका घरात दोन ठिकानी पैसे कसे पुरतीन? बारावीलोक इथंच शिकू द्या. पुढचं पुढं पाहू."

"भाऊ, पुढचं आजच पाहू. तुमचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे ना?"

ते हसतात. आठ लाख हा आकडा सोयाबीनच्या शेतकऱ्यापुढे उच्चारणं हाच विनोद आहे. पण नियम तोच आहे: २०२४-२५पासून इतर मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. भावाला जे पैसे भरावे लागतील ते हिला लागणार नाहीत. दुसरा रस्ता त्याहून जवळचा: दहावीनंतर वाशिमचं शासकीय तंत्रनिकेतन, तीन वर्षांची पदविका, आणि तिथून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. एसटीत बायकांना २०२३पासून अर्धं तिकीट आहे.

वडील ऐकतात. आई दारातून विचारते, "तिथं पोरीचं होस्टेल हाय का? जेवन कसं? रात्री बाहेर जाऊ देतात का?" माझ्या अनुभवात निर्णय या प्रश्नांवर होतो, शुल्कावर नाही. या प्रश्नांची उत्तरं अंदाजाने द्यायची नसतात. "वहिनी, उद्या फोन करून विचारते आणि परवा सांगायला येते. नाहीतर आपण दोघी जाऊन बघून येऊ."

"म्या येऊ?" त्या म्हणतात. वाशिमच्या तंत्रनिकेतनात त्या कधी गेलेल्या नाहीत, आणि जाण्याची कल्पना त्यांना आवडलेली दिसते. वडील काहीच बोलत नाहीत. नाही म्हणत नाहीत, हे पुरेसं.

मुलगी या सगळ्या वेळात आत भाकरी थापतेय. तिला बाहेर बोलावलं असतं तर भाकरी करपली असती, आणि दोष माझ्या भेटीला लागला असता. म्हणून बोलावत नाही.

रात्री ९.००

वह्या काढते. दहावीचे वृत्तालेख. मुलांच्या वर्तुळांत खेळ आणि मोबाइलचे रुंद तुकडे, काहींनी ते प्रामाणिकपणे लाल रंगवलेत. मुलींच्या वर्तुळांत पाणी, भांडी, स्वयंपाक, लहाना. अभ्यासाचा तुकडा दोन्हींकडे बारीक, पण मुलांच्या शेजारी जागा आहे. मनात आणलं तर तो रुंद होऊ शकतो. मुलींच्या शेजारी जागाच नाही. देशाच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७, असं निघालं होतं. त्या आकड्यांचा खेड्यातला नमुना माझ्यापुढे रंगीत पेन्सिलीने काढलेला आहे.

एका वहीवर पेन थांबतं. सगळ्या कोनांची बेरीज ३७५ अंश. अशी वर्तुळं बसतच नाहीत. तिने शेवटचा तुकडा दुसऱ्यावर चढवून काढलाय. उदाहरण चूक म्हणून फुली मारायला जाते आणि तुकडे वाचते. अभ्यास पंधरा अंश, भावाला झोपवणं पंधरा अंश, आणि दोन्ही एकाच वेळी, आठ ते नऊ. तिने दोन कामं केली, दोन्ही मांडली. मोठ्या सर्वेक्षणांतही असली एकदम होणारी कामं वेगळी नोंदवावी लागतात, कारण दिवस चोवीस तासांचाच असतो. मी शेरा लिहिते: बेरीज ३६० हवी. निरीक्षण बरोबर. पूर्ण गुण. उद्या फळ्यावर हेच उदाहरण घेऊ.

शनिवारी पालक सभा आहे. दरवर्षी त्यात मुलींना शिकवा यावर मी दहा मिनिटं बोलते आणि सगळे माना डोलावतात. यंदा बोलणार नाही. नावं झाकून ही वर्तुळं भिंतीवर लावायची, मुलांची एका बाजूला, मुलींची दुसऱ्या. मग प्रत्येक घराकडे एकच गोष्ट मागायची, शुल्क नाही, देणगी नाही: दहावीच्या परीक्षेपर्यंत रोज रात्री आठ ते नऊ या वेळेत पोरीला कोणी हाक मारायची नाही. तेवढा वेळ लहान्याला बाप घेईल किंवा भाऊ घेईल. पंधरा अंश. कोणाकडून मिळाले आणि कोणाकडून नाही, हे मार्चमध्ये पुन्हा वृत्तालेख काढून मोजता येईल, आणि मोजणार आहोत, हे सभेतच सांगायचं.

उद्याची कामं: तंत्रनिकेतनाला फोन. मोटारीला वार्निश. लोणारचे उरलेले फोन. ओळंबा परत करणे.